कोष्टकात उतरलेला दस्तऐवज

ज्याच्या पोटात कलमे, कलमांच्या पोटात पोटकलमे आणि पोटकलमांच्या पोटात परंतुके असतात असा दस्तऐवज आडव्या ओळी आणि उभे रकाने यांनी बांधलेल्या कोष्टकांत कसा ठेवावा, आणि एकदा ठेवल्यावर तो एकही स्वल्पविराम इकडचा तिकडे न होता परत कसा मिळवावा, या प्रश्नाने गेल्या शतकाच्या अखेरीस संगणकशास्त्रातील कित्येक उत्तम बुद्धींना गुंतवून ठेवले होते. वरवर पाहणाऱ्यास हा केवळ कारागिरीचा प्रश्न वाटेल. परंतु त्याचे कूळ शोधू लागले असता असे दिसते की, वृक्षाकार दस्तऐवज आणि सपाट कोष्टक ही परस्परांशी न जुळणारी दोन रूपे एकाच कंपनीच्या आश्रयाने, जवळजवळ एकाच वर्षी आकाराला आली. आणि पुढे तीस वर्षांनी त्यांचा जो समेट झाला, त्याचे सूत्र क्रम लिहून ठेवण्याच्या साध्याशा तजविजीत होते.

१९६९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, केंब्रिज येथील आयबीएमच्या संशोधन केंद्रात, वकिली सोडून संगणकाकडे वळलेले चार्ल्स गोल्डफार्ब आपल्या एडवर्ड मोशर व रेमंड लॉरी या दोन सहकाऱ्यांसह वकिलांच्या कचेरीस उपयोगी पडेल अशी एक व्यवस्था रचीत होते. मजकूर लिहिणे, तो साठवून पुन्हा शोधून काढणे आणि छापण्यासाठी पानावर मांडणे ही तिन्ही कामे एकाच दस्तऐवजावर व्हावीत असा त्यांचा उद्देश होता. आणि त्याच्या आड येणारी अडचण अशी की, प्रत्येक प्रणालीचे मजकुरात पेरावयाचे हुकूम निराळे असत. तेव्हा ‘हे ठळक छापा’ असा हुकूम लिहिण्याऐवजी ‘हे शीर्षक आहे’, ‘हे कलम आहे’ एवढीच खूण करावी, आणि त्या खुणेचे काय करावयाचे ते ज्या त्या प्रणालीने ठरवावे, असा विचार पुढे आला. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून या पद्धतीस जीएमएल असे नाव पडले. १९८६ मध्ये तिच्याच वंशातील एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झाले, आणि १० फेब्रुवारी १९९८ रोजी त्याचे सुटसुटीत रूप एक्सएमएल या नावाने जगापुढे आले. दस्तऐवज शोधून परत मिळविण्याची चिंता या कुळाला जन्मापासून चिकटलेली आहे, हे येथे लक्षात ठेवावे.

दुसरे कूळ कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथले. त्याच १९६९ साली तेथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत एडगर कॉड या इंग्रज गणितज्ञाने आपला संबंधाधिष्ठित सिद्धान्त प्रथम कंपनीच्या अंतर्गत अहवालात मांडला, आणि जून १९७० मध्ये तो विस्ताराने प्रसिद्ध केला. त्या काळी मोठी माहिती बहुधा वृक्षाकारच ठेवीत असत. अपोलो मोहिमेतील यानाच्या असंख्य सुट्या भागांची यादी सांभाळण्याच्या गरजेतून निर्माण झालेली आयबीएमची आयएमएस ही प्रणाली अशीच, मुळापासून फांद्यांपर्यंत उतरत जाणारी होती. कॉड यांचा आक्षेप असा की, अशा रचनेत माहिती मागणाऱ्याला ती कोणत्या वाटेने आणि कोणत्या क्रमाने ठेवली आहे हे ठाऊक असावे लागते, आणि ठेवण बदलली की त्याची सारी आज्ञावली निकामी होते. म्हणून त्यांनी आपल्या निबंधात एका कर्मचाऱ्याचे उदाहरण घेतले; त्याच्या नोंदीच्या पोटात नोकरीचा इतिहास, त्या इतिहासाच्या पोटात वेतनाचा इतिहास, शेजारी मुलांची नावे; आणि हा सबंध वृक्ष उलगडून त्यांनी त्याची चार सपाट कोष्टके केली. प्रत्येक चौकटीत एकच अविभाज्य मूल्य असावे, आणि ओळी कोणत्या क्रमाने आहेत याला काहीही अर्थ नसावा, हे त्यांचे दोन आग्रह होते. हिशेब, वेतनपत्रके, मालाचे साठे यांना या आग्रहांनी जे स्वातंत्र्य दिले ते फार मोठे होते, आणि जगातील बहुतेक दफ्तरे पुढे याच शिस्तीत गेली ती योग्यच गेली असे मी समजतो.

या दोन कुळांत आरंभापासून ये-जा होती. जीएमएलच्या तिघांपैकी रेमंड लॉरी हेच पुढे सॅन होजे येथे सिस्टम आर या पहिल्या मोठ्या संबंधाधिष्ठित प्रणालीच्या रचनाकारांपैकी एक झाले. त्याच प्रकल्पात डोनाल्ड चेंबरलिन यांनी रेमंड बॉइस यांच्यासह १९७४ मध्ये जी प्रश्नभाषा रचली, तिचीच आजची एसक्यूएल झाली. आणि सव्वीस वर्षांनी, एक्सएमएलच्या दस्तऐवजांना प्रश्न विचारण्यासाठी क्विल्ट नावाची भाषा जोनाथन रॉबी व डानिएला फ्लोरेस्कू यांच्याबरोबर ज्यांनी रचली, तेही हेच चेंबरलिन. तिच्यावरच पुढे एक्सक्वेरी ही भाषा उभी राहिली.

१९९८ नंतर परिस्थिती अशी झाली की, करारनामे, मागणीपत्रे, कायदे, पुस्तके ही सारी खुणांनी सजविलेल्या वृक्षांच्या रूपाने येऊ लागली, आणि ती ठेवावयाची तर विश्वासाची जागा होती कॉड यांच्या कोष्टकांची. सर्वांत सोपा उपाय म्हणजे सबंध दस्तऐवज एका मोठ्या रकान्यात जसाच्या तसा टाकून देणे. त्यात अक्षर न् अक्षर शाबूत राहते, परंतु ‘ज्या कायद्यांच्या तिसऱ्या कलमात दंडाची तरतूद आहे ते काढा’ असे विचारताच प्रत्येक दस्तऐवज पुन्हा अथपासून इतिपर्यंत वाचावा लागतो. दुसरा उपाय त्याचे तुकडे करून ते कोष्टकांत विखरून ठेवण्याचा. १९९९ मध्ये फ्लोरेस्कू आणि डोनाल्ड कॉसमान यांनी दाखविले की, वृक्षाची प्रत्येक फांदी ही एक ओळ मानली तर कोणताही दस्तऐवज एकाच कोष्टकात मावतो: कोठून निघाली, कितवी, नाव काय, कोठे पोहोचली. त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठातील जयवेल षण्मुगसुंदरम् आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी वाट काढली. दस्तऐवजाच्या घडणीचे नियम आधी वाचावेत, जो घटक एकदाच येतो तो आपल्या जनकाच्याच कोष्टकात रकाना म्हणून बसवावा, आणि अनेकदा येणाऱ्यालाच स्वतंत्र कोष्टक द्यावे. त्यामुळे तुकडे पुष्कळ कमी झाले. तरीही खोल वाटेने जाणाऱ्या प्रश्नासाठी कोष्टकामागून कोष्टक जोडावे लागे; आपल्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी या मार्गाच्या संधींबरोबर मर्यादांचाही उल्लेख केला, हे त्यांच्या सचोटीला साजेसेच होते.

जुना वाडा उतरविताना सुतार प्रत्येक तुळईवर, प्रत्येक खांबावर खूण घालतो, कारण ती नसेल तर लाकूड सगळे असूनही वाडा उभा राहत नाही. तुकडे केलेल्या दस्तऐवजाची गत नेमकी हीच आहे. कोष्टकाच्या दृष्टीने ओळींना क्रम नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने परंतुक कोणत्या पोटकलमाच्या मागे येते यावर माणसाची मालमत्ता अवलंबून असते. कॉड यांनी जो क्रम बुद्धिपुरस्सर टाकून दिला होता, तोच आता माहिती म्हणून, एका रकान्यात, आकड्यांनी लिहून ठेवावा लागणार होता. २००२ मध्ये ईगोर तातारिनोव्ह, षण्मुगसुंदरम् व त्यांचे सहकारी यांनी या लिहिण्याच्या तीन रीती तोलून पाहिल्या. सबंध दस्तऐवजात एकच मालिका चालवावी, तर वाचन सुलभ होते, पण मध्ये एक वाक्य घालताच पुढचे सारे आकडे बदलतात, केवळ भावंडांत क्रम द्यावा, तर बदल स्वस्त होतो, पण दूरच्या दोन घटकांत आधी कोण हे ठरविणे जड जाते, म्हणून १.३.२ असा, मुळापासून आलेल्या वाटेचा आकडाच प्रत्येकाला द्यावा, हा मधला मार्ग. ग्रंथालयांच्या वर्गीकरणाने प्रसिद्ध झालेल्या मेल्विल ड्यूई यांचे नाव या रीतीस मिळाले आहे.

या सर्व युक्त्यांत मला सर्वांत सुंदर वाटते ती मात्र निराळी. दस्तऐवज आरंभापासून वाचीत जावे. घटकाची आरंभखूण भेटली की त्याला एका मालिकेतील क्रमांक द्यावा, आणि अंत्यखूण भेटली की दुसऱ्या मालिकेतील. मग दिलेल्या घटकापेक्षा ज्याचा आरंभक्रमांक लहान आणि अंत्यक्रमांक मोठा तो पूर्वज, उलट असेल तो वंशज, दोन्ही लहान तो आधीचा, दोन्ही मोठे तो नंतरचा. म्हणजे वृक्षात चढउतार करण्याचे सारे काम दोन आकड्यांच्या तुलनेवर आले, आणि आकड्यांची तुलना हे तर कोष्टकांचे वंशपरंपरागत कसब. मूळ गणिती निरीक्षण पॉल डीट्झ यांनी १९८२ मध्ये केलेले. टॉर्स्टेन ग्रुस्ट यांनी २००२ मध्ये कॉन्स्टान्झ येथून दाखवून दिले की, हे दोन आकडे कागदावर आडव्या-उभ्या अक्षांवर मांडले असता कोणताही घटक सबंध दस्तऐवजाचे चार चतुर्थांश करतो, आणि एक्सएमएलच्या वृक्षातील वाटा सांगणाऱ्या एक्सपाथ या भाषेच्या चार मुख्य दिशा म्हणजे तेच चार चतुर्थांश. वृक्षाचा अवमान न करता त्याला कोष्टकाच्या भाषेत बोलते करणारी ही रीत पाहिली म्हणजे, दोन कुळांतील वैर मानवाने मानलेले होते, गणिताने नव्हे, अशी खात्री पटते.

एक उणीव उरली होती ती मध्येच भर घालण्याची. तिच्यावर पॅट्रिक ओनील प्रभृतींनी २००४ मध्ये उपाय सुचविला: ड्यूई रीतीच्या वाटेच्या आकड्यांत आरंभी केवळ विषम आकडे वापरावेत, आणि १.३ व १.५ यांच्यामध्ये नवा घटक आला तर त्याला १.४.१ म्हणावे, सम आकडा हा केवळ सांधा, तो पिढी म्हणून मोजावयाचा नाही. एकाही जुन्या आकड्याला हात न लावता कितीही भर घालता येते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००५ मध्ये हीच योजना वापरात आली.

पुढची हकीकत मानकांची आणि उत्पादनांची आहे. २००३ च्या एसक्यूएल मानकात एक्सएमएलसाठी चौदावा भाग जोडला गेला आणि दस्तऐवज हा आकडा किंवा तारीख यांच्यासारखाच एक अधिकृत प्रकार ठरला. आयबीएमने २००६ मध्ये आपल्या डीबी२ या संबंधाधिष्ठित प्रणालीच्या नवव्या आवृत्तीत वृक्ष न तोडता साठविण्याची सोय केली. पोस्टग्रेस या दुसऱ्या संबंधाधिष्ठित प्रणालीत हा प्रकार २००८ साली आला. तेथे मजकूर जसाच्या तसा राहतो.

आज आपल्याकडे कोश, गॅझेटियर, अधिनियम आणि जुनी कागदपत्रे संगणकावर चढविण्याचे काम ठिकठिकाणी चालू आहे, आणि ते करणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की, कोष्टके आखताना क्रमाचा रकाना पहिल्याच दिवशी आखावा, त्यात पुढील भरीसाठी मोकळे आकडे सोडावेत, आणि तुकडे कितीही कुशलतेने केले तरी मूळ दस्तऐवजाची सबंध प्रत शेजारच्या रकान्यात जतन करावी.