अक्रोडाचा दस्ता आणि पाच काडतुसे

जिम कॉर्बेटचे नरभक्षक वाघांवरचे गाजलेले पुस्तक १९४४ साली आपल्या मुंबईतच, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केले. ते वाचलेल्या बहुतेकांना आठवतात ते वाघ. मला मात्र त्याच्या हातातल्या बंदुकीचेच कुतूहल अधिक. शिकारीचा मला गंध नाही. पण लाकडावर रंधा फिरवण्याची हौस पहिल्यापासून आहे, आणि रायफल ही निम्मी लोखंडाची वस्तू असली तरी निम्मी लाकडाची आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

सपाटीवरच्या शिकाऱ्याला एक वेळ जड बंदूक चालते. हत्तीवर बसून किंवा मचाणावरून बार टाकायचा असेल तर वजनाचा उलट फायदाच होतो. हात स्थिर राहतो, धक्का कमी बसतो. पहाडात गोष्ट निराळी. तिथे दिवसभर वाहायची आणि एखादे वेळी एकदाच झाडायची, अशी ती वस्तू. तेव्हा ती निवडताना खांद्यापेक्षा पायांचा आणि छातीतल्या दमाचा सल्ला आधी घ्यावा लागतो.

कॉर्बेटला हा सल्ला १९०७ साली चंपावतला मिळाला. तिथल्या वाघिणीने नेपाळात आणि कुमाऊंत मिळून ४३६ माणसे खाल्ली होती, असा हिशेब त्याने दिला आहे. तहसीलदाराच्या मदतीने २९८ गावकरी हाक्याला जमले. कॉर्बेटपाशी .५०० बोअरची भारी रायफल होती आणि काडतुसे होती फक्त तीन! दोनच बार मिळतील, तिसरे अडचणीला, असा त्याचा विचार. ती तिन्ही संपली आणि जखमी वाघीण अजून उभीच होती. तेव्हा हा गृहस्थ धावत डोंगर चढला, तहसीलदाराच्या हातातली जुनी बंदूक हिसकावून घेऊन परत धावत खाली आला. पाहतो तो त्या बंदुकीच्या नळ्या आणि मागचा ठोकळा यांच्यामध्ये तीन अष्टमांश इंचाची फट! बार उलटला असता तर डोळेच गेले असते. तरी त्याने तो टाकला. गोळी तोंडाऐवजी पंजाला लागली. पण वाघीण आधीच्याच जखमांनी मरायला टेकली होती, म्हणून निभावले.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्याला एक रायफल भेट दिली. लंडनच्या रिग्बी कंपनीची, .२७५ बोअरची. दस्त्यावर चांदीची पट्टी आणि तिच्यावर चंपावतच्या वाघिणीचा उल्लेख. वजनाने अशा रायफली साडेसात पौंडांच्या आसपास भरत. भारी दुनळी रायफल सहसा दहा पौंडांकडे झुकते. अडीच पौंड म्हणजे काय, असे कोणी म्हणेल. त्याने हातात तेवढ्याच वजनाचा पाटा घेऊन सिंहगड चढून पाहावा.

रिग्बीचे नाव इंग्रजी असले तरी आतली यंत्रणा जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फची, पाउल माउझरच्या कारखान्यातली. त्याची खरी करामत काडतुसांच्या पेटीत आहे. या पेटीला मॅगझिन म्हणतात. दिवाळी अंक हातात धरणाऱ्याला गंमत वाटेल, पण दोन्ही मॅगझिने एकच. मूळ अरबी शब्दाचा अर्थ कोठार, आणि आपला खजिना त्याच धातूतून आलेला. एका कोठारात लेख, दुसऱ्यात शिसे.

पूर्वीच्या कित्येक रायफलींत काडतुसे एकाखाली एक अशी रचलेली असत. त्यामुळे पेटी लाकडाच्या खाली पोटासारखी लोंबे. माउझरने १८९३ च्या स्पेनच्या सैन्यासाठी केलेल्या रायफलीत ती एकाआड एक, नागमोडी बसवली. पाच काडतुसे दस्त्याच्या आतच मावली आणि तळ सपाट झाला. याचे महत्त्व चालताना कळते. रायफल एका हातात धरून चालायची तर ती तोलाच्या जागी धरावी लागते, आणि तोलाची जागा नेमकी पेटीपाशीच असते. तिथे लोखंडी पोट लोंबत असेल तर तळहात बसायचा कुठे? सपाट तळ असला की हात लाकडाभोवती आपोआप मिटतो.

पेटीचे आणखी प्रकार आहेत. तळाला बिजागरीचे झाकण असले की खटका दाबताच काडतुसे हातात येतात. दिवसअखेरी मुक्कामी पोचल्यावर रायफल रिकामी करायला सोयीचे. पण खटका ढिला असेल तर बार काढताच धक्क्याने झाकण उघडून उरलेली काडतुसे पायाशी सांडतात. झाकणच नसले तर वजन वाचते, सांडण्याची भीती राहत नाही. मात्र प्रत्येक काडतूस वरूनच काढावे लागते. सुटी पेटी झटकन भरता येते, आणि दरीत पडली की पाच बारांची रायफल एका बाराची होऊन बसते. मला विचाराल तर बिजागरीचे झाकण आणि घट्ट खटका हीच निवड शहाणपणाची.

आता लाकूड. दस्ता अक्रोडाचाच का, याचे कारण साधे आहे. अक्रोड चिवट असून मानाने हलके, तेल चांगले पिते, आणि नीट वाळवले तर फारसे मुरडत नाही. पण सुंदर रेषांच्या फळीला भुलणारा गिऱ्हाईक फसतो. दस्त्याची मूठ, म्हणजे चापामागची बारीक जागा, तिथे रेषा लांबीच्या दिशेनेच धावल्या पाहिजेत. आडव्या गेल्या तर घसरून पडताच दस्ता तिथेच मोडतो. नक्षीदार रेषा हव्याच असतील तर त्या मागे, खांद्याकडच्या रुंद भागात असाव्यात. दुसरी गोष्ट पावसाची. लाकूड ओल धरून फुगले आणि त्याने नळीला एका बाजूने रेटले, की कालचा नेम आज चुकतो. म्हणून चांगला कारागीर खाच कोरताना केसाकेसाने लाकूड काढतो आणि आतूनही तेल मुरवतो. तिसरी गोष्ट लांबीची. थंडीत अंगात जाड लोकरीचा कोट असतो. दस्ता लांब असला तर खांद्याला लावताना काखेत अडकतो.

आल्प्सच्या शिकाऱ्यांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. १९०३ च्या मान्लिखर-शोनाउर रायफलीत पाच काडतुसे फिरत्या चक्रात बसत. तिच्या आखूड नमुन्यात लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत नेलेले असे. अमेरिकेत जॅक ओ'कॉनर नावाचा प्राध्यापक-लेखक रानमेंढ्यांमागे पहाड हिंडला, त्याच्या.२७० रायफलींचे दस्ते अल बीसेन या कारागिराने घडवले, आणि अक्रोडाचेच. आज कोळशाच्या धाग्यांचे दस्ते निघाले आहेत. ते हलके आहेत, पावसाला दाद देत नाहीत. दिसायला मात्र छत्रीच्या दांड्यासारखे.

कॉर्बेटकडे वळतो. ११ एप्रिल १९३०, चौगडची वाघीण, चौसष्ट बळी घेतलेली. ओढ्याच्या पात्रातून उतरताना त्याला एका पक्ष्याची दोन अंडी सापडली. अंडी जमवण्याचा त्याला नाद होता. ती डाव्या हातात, उजव्या हातात रायफल, छातीवर तिरपी धरलेली. एका खडकाला वळसा घालून मागे पाहतो तो आठ फुटांवर वाघीण, झेपेच्या तयारीत. झटकन वळणे म्हणजे मरण. त्याने एकाच हाताने, इंच इंच करीत, रायफल पाऊण वर्तुळ फिरवली. दस्ता कुशीला न अडकता मोकळा सुटला, हात पूर्ण ताणला गेला आणि चाप दाबला. पुढे त्याने स्वतःच लिहिले आहे की रायफल हलकी नसती तर असा लांबवलेल्या एका हाताने बार काढणे शक्यच नव्हते. पेटीतली बाकीची काडतुसे त्या दिवशी जागची हललीसुद्धा नाहीत.

कॉर्बेट १९४७ साली केनियात गेला आणि १९५५ साली तिथेच वारला. रायफल पुष्कळ वर्षे त्याच्या प्रकाशकांकडे पडून होती. नंतर ती रिग्बीकडे परतली आणि २०१६ साली कुमाऊंत आणून लोकांना दाखवण्यात आली. आणि ती दोन अंडी? वाघीण पडल्यावर कॉर्बेटने ती परत घरट्यात नेऊन ठेवली. अर्ध्या तासाने तो त्याच वाटेने गेला, तेव्हा आई त्यांवर उबवत बसली होती.