ओंकारेश्वराच्या बेटावरची आपली धार

धार-देवासच्या मराठी घरांतून ओंकारेश्वरला कोण गेलेले नाही? पूल ओलांडायचा, ओंकाराचे दर्शन घ्यायचे, परत येऊन ममलेश्वराला बेल वाहायचा आणि संध्याकाळी घर गाठायचे. माझीही वीस वर्षे अशीच गेली. मागच्या हिवाळ्यात मुलीच्या हट्टापायी प्रथमच बेटाची सात किलोमीटरची परिक्रमा पायी केली.

नर्मदा आणि तिथली 'कावेरी' यांच्या मधला हा मांधाता डोंगर. वर चढत गेलो की गौरी सोमनाथाचे उंच देऊळ लागते. आत दोन्ही हातांच्या कवेत न मावणारे काळे शिवलिंग आहे. पुढे सिद्धनाथाचे मंदिर. शिखर उरलेले नाही, पण चारही बाजूंचे खांबांचे मंडप आणि जोत्यावर कोरलेले हत्ती पाहून पाय थबकतात. काही हत्तींच्या सोंडा तुटल्या आहेत. मुले त्यांच्यावर चढून फोटो काढत होती. त्यात आमचीही होती. तिला खाली उतरवले, पण "का?" या प्रश्नाला मला नीट उत्तर देता आले नाही.

घरी येऊन वाचले, तेव्हा उत्तर सापडले ते धारेतच! राजा भोजानंतर गादीवर आलेल्या जयसिंहाने विक्रम संवत 1112, म्हणजे इसवी सन 1055 मध्ये अमरेश्वर तीर्थातील ब्राह्मणांसाठी एक गाव दान दिले. तो ताम्रपट मांधात्यालाच मिळाला. पुढच्या परमार राजांपैकी देवपाल आणि जयवर्मन यांचेही ताम्रपट तिथलेच. अमरेश्वर म्हणजे आपला ममलेश्वर. त्याच्या भिंतीवर 1063 मध्ये शिवस्तोत्रे कोरली गेली. आपण तिथे बेल वाहतो, भिंतीकडे मात्र पाहत नाही.

धार आणि देवासच्या पवार घराण्यांनी आपले मूळ याच परमारांशी जोडले. त्यांच्याबरोबर दक्षिणेतून आलेल्या आपल्या पूर्वजांनी या मातीला घर मानले. मग तिचा जुना इतिहासही आपलाच नाही का?

2023 पासून बेटावर शंकराचार्यांची 108 फूट उंच मूर्ती उभी आहे. ती दुरूनही दिसते. सिद्धनाथाचे हत्ती मात्र वाट वाकडी केल्याशिवाय दिसत नाहीत. पुढच्या वेळी मुलांना घेऊन सकाळी लवकर निघा. हत्तींवर बसू देऊ नका, शेजारी बसवा आणि जयसिंहाची गोष्ट सांगा.