युनिक्स फाइल-परवानग्या

युनिक्स व तिच्या वंशातील संगणकप्रणालींत (लिनक्स, बीएसडी, मॅकओएस, अँड्रॉइड) कोणती फाइल कोणी वाचावी, कोणी बदलावी आणि कोणी चालवावी हे ठरवणारी व्यवस्था. पारंपरिक युनिक्समध्ये यंत्राच्या बहुतेक सेटिंग्ज ‘ईटीसी’ या डिरेक्टरीतील साध्या मजकुराच्या फायलींत असतात. वापरकर्त्यांची यादी, गट, नेटवर्कची जोडणी, लॉगिनचे नियम हे सारे तिथेच सापडते. त्यामुळे सुरक्षा-सेटिंग्जचे रक्षण म्हणजे मुख्यतः त्या फायलींवर लिहिण्याचा हक्क कोणाकडे आहे यावर लक्ष ठेवणे.

रचना : प्रत्येक फाइलला एक मालक व एक गट असतो. मालक, गटातले आणि इतर अशा तीन वर्गांना वाचणे (४), लिहिणे (२) व चालवणे (१) यांपैकी जे हक्क दिले त्यांची बेरीज करून तीन आकडे मांडतात. ६४० म्हणजे मालकाने वाचावे-लिहावे, गटाने फक्त वाचावे, इतरांना मज्जाव. हे आकडे ‘सीएचमॉड’ या आज्ञेने बदलतात. तपासणी मालक, गट, इतर या क्रमाने होते आणि माणूस ज्या वर्गात आधी बसेल तिथेच ती थांबते. परवानगी ०४४ असेल तर फाइल परक्यांना वाचता येते, मालकाला नाही. अर्थात परवानगी बदलण्याचा हक्क त्याच्याकडे राहतोच. फाइल पुसणे हे तिच्यावरील नव्हे तर डिरेक्टरीवरील लिहिण्याच्या हक्कावर अवलंबून असते. नवशिके इथे हमखास फसतात : फाइलला कुलूप घालतात आणि डिरेक्टरी उघडी ठेवतात. शून्य क्रमांकाचा वापरकर्ता ‘रूट’ याला वाचण्या-लिहिण्याची ही बंधने लागू नाहीत.

इतिहास : युनिक्सची सुरुवात केन थॉम्पसन, डेनिस रिची व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये न्यू जर्सीतील बेल लॅब्जमध्ये केली. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या हस्तपुस्तिकेत फक्त मालक व इतर असे दोनच वर्ग होते. रिची व थॉम्पसन यांच्या जुलै १९७४ च्या लेखात सात संरक्षक बिटांचा उल्लेख आहे. त्याच लेखाच्या १९७८ च्या सुधारित रूपात ते दहा झाले, कारण मधल्या काळात गट आला. ही प्रणाली सुरक्षा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली नव्हती, हे रिची यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले.

सेट-यूआयडी : वापरकर्त्याला आपला पासवर्ड बदलता आला पाहिजे, पण पासवर्डच्या फाइलवर लिहिण्याचा हक्क फक्त रूटला. हा पेच रिची यांनी एका बिटाने सोडवला. तो लावलेला कार्यक्रम चालवणाऱ्याच्या नव्हे, तर फाइलमालकाच्या अधिकाराने चालतो. या कल्पनेचे अमेरिकी पेटंट जानेवारी १९७९ मध्ये मिळाले व नंतर ते सर्वांसाठी खुले करण्यात आले. सोय मोठी, धोकाही तितकाच : अशा कार्यक्रमातील एक चूक म्हणजे रूटचा अधिकार परक्याच्या हाती. सामान्य वापरकर्त्याला रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवू देणाऱ्या ‘सूडू’मधील अशी एक चूक २०११ पासून जानेवारी २०२१ पर्यंत कोणाच्या लक्षात आली नव्हती. सूडूचे नियम व्हायसूडू या साधनातून बदलावेत असा दंडक आहे. ते साधन फाइल अडवून ठेवते आणि व्याकरण तपासून मगच जुन्या प्रतीच्या जागी नवी ठेवते.

पासवर्डची फाइल : या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण. फाइल-मालकाचा क्रमांक पाहून त्याचे नाव दाखवायचे, तर ‘एलएस’सारख्या साध्या आज्ञेलाही वापरकर्त्यांची यादी वाचावी लागते, म्हणून ती फाइल सर्वांना वाचनीय ठेवली होती आणि त्याच यादीत प्रत्येकाचा पासवर्ड सांकेतिक रूपात होता. रॉबर्ट मॉरिस व थॉम्पसन यांनी नोव्हेंबर १९७९ मध्ये ३,२८९ पासवर्डांची छाननी प्रसिद्ध केली. त्यांपैकी १५ एकाक्षरी, ७२ दोन अक्षरी, ४६४ तीन अक्षरी होते. शब्दकोशांत व नावांच्या याद्यांत सापडलेले धरून २,८३१, म्हणजे ८६ टक्के, सहज हाती लागणारे निघाले. उपाय म्हणून डीईएस ही सांकेतिक पद्धत २५ वेळा चालवणे व १२ बिटांचे ‘मीठ’, म्हणजे प्रत्येक पासवर्डासाठी यादृच्छिक भर, मिसळणे आले, पण फाइल वाचनीयच राहिली.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस यांच्याच मुलाने, रॉबर्ट टॅपन मॉरिस याने, सोडलेल्या ‘वर्म’ने, म्हणजे नेटवर्कवरून स्वतःहून पसरणाऱ्या कार्यक्रमाने, इतर मार्गांबरोबर हाही वापरला : यादी वाचायची, ४३२ शब्द व यंत्रावरचा शब्दकोश आजमावून पाहायचा. बाधित यंत्रे सहा हजार असे सर्वत्र लिहिले जाते. तो अंदाज आहे, मोजणी नव्हे. नंतर सांकेतिक पासवर्ड ‘शॅडो’ या वेगळ्या फाइलमध्ये गेले. डेबियन व उबुंटूत तिची परवानगी ६४०, मालक रूट. मूळ यादी आजही ६४४, म्हणजे सर्वांना वाचनीय.

व्यवहारातील दोष : ‘पर्मिशन डिनाइड’ दिसले की ७७७ देऊन मोकळे व्हायचे, ही सवय सर्वांत घातक. काम लगेच चालते, म्हणून नंतर कोणी मागे वळून पाहत नाही. काही कार्यक्रम आता स्वतःच अडून बसतात : खासगी किल्लीची फाइल इतरांना वाचता येत असेल तर दूरस्थ लॉगिनसाठीचा ओपनएसएसएच ती किल्ली वापरत नाही.

प्रवेश-याद्या : व्यक्तिनिहाय परवानग्यांचा ‘पॉझिक्स’ या मानकाचा मसुदा १९९८ मध्ये मागे घेण्यात आला, तरी लिनक्समध्ये त्याच धर्तीची सोय आहे.

सक्तीचे नियंत्रण : मालकाच्या मर्जीवर न चालणारी ‘एसईलिनक्स’ ही व्यवस्था अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने डिसेंबर २००० मध्ये खुली केली. २००३ मध्ये ती लिनक्स कर्नलच्या मुख्य प्रवाहात आली.

अँड्रॉइड : इथे वापरकर्ता-क्रमांकाचा अर्थच बदलला आहे. साधारणपणे प्रत्येक अ‍ॅपला १०००० पासून पुढचा स्वतंत्र क्रमांक मिळतो, त्यामुळे एका अ‍ॅपला दुसऱ्याच्या खासगी फायली वाचता येत नाहीत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून त्यावर एसईलिनक्सची सक्तीही पूर्णपणे लागू झाली. रूटचा अधिकार मात्र, विकत घेतलेल्या अवस्थेत, फोनच्या मालकाला दिलेला नसतो.