बसवकल्याणची पोटनिवडणूक
निवडणुकीबाबत ‘मध्यावधी’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. अमेरिकेत अध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मध्यावर होणारी कायदेमंडळाची निवडणूक या नावाने ओळखली जाते, तर आपल्याकडे मुदतीपूर्वी सभागृह विसर्जित झाल्यास होणारी निवडणूक मध्यावधी ठरते. कर्नाटकातील बसवकल्याण (जि. बिदर) येथे १७ एप्रिल २०२१ रोजी झालेली निवडणूक मात्र काँग्रेसचे आमदार बी. नारायणराव यांचे सप्टेंबर २०२० मध्ये करोनाने निधन झाल्याने रिक्त झालेल्या एका जागेपुरती, म्हणजे पोटनिवडणूक होती. ती मंदीच्या पाठोपाठ झाली: एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत सकल देशांतर्गत उत्पादन, म्हणजे देशात निर्माण झालेल्या अंतिम वस्तू व सेवांचे एकूण मूल्य, वर्षभरापूर्वीच्या तुलनेत सुमारे २४ टक्क्यांनी घटले होते, आणि पुण्या-मुंबईत बिगारी करणारी बिदर-कलबुर्गीकडची कुटुंबे बोचकी उचलून, लेकरे कडेवर घेऊन गावी परतली होती. तरीही गाजला तो नोव्हेंबर २०२० मध्ये राज्यातील भाजपच्या येडियुरप्पा सरकारने जाहीर केलेला, ५० कोटी रुपयांच्या तरतुदीचा मराठा विकास प्राधिकरणाचा निर्णय. या मतदारसंघातील मराठा मतांवर डोळा ठेवून तो घेतल्याचा आरोप झाला आणि कन्नड संघटनांनी ५ डिसेंबरला बंद पुकारला. हातचे काम गेलेल्या मजुराचा प्रश्न या वादात मागे पडला, हे नोंदवणे भाग आहे. भाजपचे शरणू सलगर यांनी नारायणरावांच्या पत्नी माला यांचा वीस हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. त्यामुळे मंदीचा रोष सत्ताधाऱ्यांवरच निघतो, हा ठोकताळा येथे लागू पडत नाही. त्याच दिवशी मतदान झालेल्या रायचूर जिल्ह्यातील मस्कीत मात्र काँग्रेस विजयी झाली.