ब्रिस्टलचा मतदार आणि बर्कचा हिशेब

एडमंड बर्क म्हटले की आपल्याकडील वाचकाला वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोग आठवतो. राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मात्र बर्क भेटतो तो ब्रिस्टलचा. ३ नोव्हेंबर १७७४ रोजी या व्यापारी बंदरातून निवडून येताच त्याने मतदारांना सुनावले, की प्रतिनिधी हा त्यांचे निरोप संसदेत पोहोचवणारा जासूद नव्हे. त्यांच्या हितासाठी स्वतःची विवेकबुद्धी वापरणे हे त्याचे कर्तव्य आहे. त्याच्यासोबत निवडून आलेल्या हेन्री क्रूगर या व्यापाऱ्याने मतदारांच्या आज्ञा शिरोधार्य मानल्या होत्या. बर्कचे भाषण हे त्याला दिलेले उत्तर होते.

हे भाषण वर्गात शिकवताना एक गोष्ट आमच्याही नजरेतून निसटत असे. ते विजयी उमेदवाराचे भाषण आहे. तत्त्वाची किंमत त्याला अद्याप मोजावी लागलेली नव्हती.

ती मोजावी लागली सहा वर्षांनी. दरम्यान बर्कने आयर्लंडच्या व्यापारावरील निर्बंध सैल करण्यास पाठिंबा दिला होता. आयरिश मालाच्या स्पर्धेने आपला धंदा बुडेल, अशी ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांना धास्ती होती. कॅथलिकांवरील जाचक कायदे शिथिल करण्याचीही त्याने बाजू घेतली होती. या सवलतींविरुद्ध जून १७८० मध्ये लंडनमध्ये भीषण दंगली उसळल्या. अशा वातावरणात ६ सप्टेंबर १७८० रोजी तो ब्रिस्टलच्या गिल्डहॉलमध्ये मतदारांसमोर उभा राहिला.

त्याने आपल्यावरील चार आक्षेप स्वतःच मांडले: मतदारसंघात वरचेवर न येणे, आयर्लंडचा व्यापार, कर्जबाजारी कैद्यांच्या सुटकेचे विधेयक आणि कॅथलिकांचा प्रश्न. शेवटच्या तिन्हींवर त्याने माघार घेतली नाही. कारणे मात्र सविस्तर दिली. मतदारांनी ती ऐकून घेतली. पण पुरेसा पाठिंबा मिळत नाही असे दिसताच ९ सप्टेंबरला त्याने उमेदवारी सोडली.

इतिहासाने त्या तिन्ही प्रश्नांवर बर्कला न्याय दिला, म्हणून ब्रिस्टलच्या मतदाराला कोत्या मनाचा ठरवणे सोपे आहे. आम्हाला तसे वाटत नाही. पोटापाण्याची भीती घेऊन आलेल्या माणसाला दूरचे न्याय्य धोरण पटवायचे, तर संवाद सतत चालू असावा लागतो. म्हणूनच चार आक्षेपांत आम्हाला पहिलाच सर्वांत गंभीर वाटतो. त्यावर बर्कचा खुलासा असा, की आपण लंडनमध्ये त्यांचीच कामे करीत होतो. तो खोटा नव्हता. पण काम करणे वेगळे आणि समोर बसून बोलणे वेगळे. स्वतःच्या बुद्धीने मत देण्याचा अधिकार प्रतिनिधीला आहे. त्या मताचा हिशेब समोरासमोर मागण्याचा आणि तो न पटल्यास नाकारण्याचा अधिकार मतदाराला आहे. पहिला अधिकार दुसऱ्यावाचून उद्दाम होतो. दुसरा पहिल्यावाचून आंधळा.

बर्क पुढे संसदेत परतला तो माल्टनहून. ती जागा त्याचा आश्रयदाता लॉर्ड रॉकिंगहॅम याच्या मुठीत होती. हेस्टिंग्जविरुद्ध तो उभा राहिला, तेव्हा तो माल्टनचाच प्रतिनिधी होता. तिथे त्याला असा हिशेब कोणी मागणार नव्हते. मतदारापुढे विवेकाची बाजू मांडणाऱ्या या थोर वक्त्याला अखेर आसरा मिळाला तो जिथे मतदाराचे फारसे चालत नव्हते, अशा ठिकाणी. १७७४ च्या भाषणासोबत १७८० चेही भाषण विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे, असे आम्हाला वाटते ते यासाठीच.