तापीकाठी उन्हाळा कसा काढला?

वाचकहो, वैशाख लागला की नंदुरबारच्या बाजारपेठेत दुपारी बारानंतर फारशी वर्दळ राहत नाही. दुकानदार पडदा ओढून घेतो, टांग्याच्या जागी आलेल्या रिक्षा लिंबाच्या सावलीला लागतात आणि भेटेल तो म्हणतो, "औंदा भलतं ऊन शे, भाऊ." हे वाक्य मी लहानपणापासून दर वर्षी ऐकत आलो आहे. तुम्हीही ऐकले असेल. पारा चाळिशी ओलांडतो, काही दिवस पंचेचाळिशीला जाऊन टेकतो. शहरात ज्याला परवडते तो आता थंड हवेचे यंत्र बसवतो. पण आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत ते नाही. असलेच तर वीज असेल तितका वेळ पंखा, नाहीतर कूलर. मग ज्या काळी वीजही नव्हती त्या काळी इथल्या माणसांनी उन्हाळा काढला कसा? इतिहासाच्या पुस्तकांत लढाया सापडतात, तह सापडतात. हा प्रश्न सहसा सापडत नाही. आज तो आपण विचारू या.

प्रथम हे ऊन येते कुठून ते पाहू. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधी हा सारा मुलूख पश्चिम खानदेश म्हणून ओळखला जाई. उत्तरेला सातपुडा, मधून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी तापी आणि तिच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो. भर दुपारी उभ्या काठीची सावली पडत नाही. त्या वेळी आभाळ निरभ्र असते, पिके निघालेली असतात आणि उघडी काळी जमीन ऊन नुसते पीत असते. पुराणकारांनी तापीला सूर्याची कन्या मानले आहे. ज्याने कोणी ती कथा प्रथम सांगितली, त्याने या खोऱ्यातला उन्हाळा अनुभवलेला असावा, असे मला वाटते.

या मुलखातून फार जुना रस्ता जातो. चौदाव्या शतकात, १३४० नंतरच्या वर्षांत, मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता देवगिरीहून खंबायतेकडे जाताना नंदुरबारला आला होता. इथल्या मराठे लोकांच्या कारागिरीची आणि वैद्यकीची त्याने नोंद केली. भात, भाज्या आणि तिळाचे तेल हा त्यांचा आहारही टिपून ठेवला. पुढे १६१० साली सुरतेहून बऱ्हाणपूरकडे निघालेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने नंदुरबारजवळच्या कबरी, विहारगृहे, किल्ला आणि एक चांगला तलाव यांचा उल्लेख केला. वाटसरूच्या नोंदीत तलाव येतो याचे नवल नाही. अशा प्रदेशात गाव कोणते मोठे आणि कोणते लहान, हे वाटसरू पाण्यावरूनच ठरवतो.

आता राजेलोकांचे पाहा. १६०१ साली असीरगड पडला आणि खानदेश अकबराकडे गेला. अकबराच्या दरबारातली उन्हाळ्याची व्यवस्था अबुल फजलने आईन-इ-अकबरीत नोंदवली आहे. सोरा घातलेल्या पाण्यात पिण्याच्या पाण्याची सुरई फिरवून ते गार करीत. वाळ्याच्या मुळ्यांचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडीत, म्हणजे आत येणारी झळ गार आणि सुगंधी होऊन येई. बऱ्हाणपूरला तर याहून मोठे काम झाले. १६१५ च्या सुमारास अब्दुर रहीम खानखाना याच्या कारकिर्दीत सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणले गेले. त्याला कुंडी भंडारा म्हणतात. इराणी पद्धतीच्या या कामात पाणी उन्हाला दिसतच नाही, त्यामुळे त्याची वाफ होऊन जात नाही. चारशे वर्षे झाली, तरी त्यातून पाणी मिळते.

पण वाचकहो, सोरा आणि वाळ्याचे पडदे होते दरबारासाठी. गावच्या माणसाकडे काय होते? त्याच्याकडे होती माती.

खानदेशातली जुनी धाब्याची घरे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. काहींचा जन्मच तशा घरात झाला असेल. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सऱ्या, त्यांवर काटक्या-पाला आणि त्यावर खाऱ्या मातीचा जाड थर. खिडक्या लहान आणि थोड्या. आजच्या माणसाला असे घर कोंदट वाटते. पण त्यामागे हिशेब होता. जाड मातीतून ऊब फार हळू आत सरकते. दुपारचे ऊन भिंतीच्या आतल्या अंगाला पोहोचेपर्यंत सूर्य मावळलेला असे. मग घर आतून तापू लागे. पण तोवर घरची माणसे अंथरुणे घेऊन धाब्यावर गेलेली असत. दिवसा धाब्याखाली, रात्री धाब्यावर, असा हा सोपा क्रम होता. मी स्वतः आजोळी अशा धाब्यावर झोपलो आहे. आजी संध्याकाळी वर पाण्याचा सडा मारी, आणि मध्यरात्रीनंतर पांघरूण ओढावे लागे.

सातपुड्यात, अक्राणी-अक्कलकुव्याकडे, भिल्ल आणि पावरा बांधवांनी याच प्रश्नाचे उत्तर निराळे काढले. त्यांची घरे बांबूच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली, हलकी. अशी भिंत ऊब साठवून ठेवत नाही, आणि कुडाच्या फटींतून वारा खेळतो. घरेही एकमेकांना चिकटून नाहीत. पाड्यावर प्रत्येकाचे घर आपापल्या शेतात, झाडाच्या आसऱ्याला. सपाटीवर जाड भिंत आणि डोंगरात हलकी भिंत, असा हा भेद आहे. दोन्ही ठिकाणी माणसाने आपापली जमीन आणि वारा पाहून घर बांधले. शिक्षकांनी वर्गात ही दोन घरे फळ्यावर शेजारी शेजारी काढून दाखवावीत. भूगोल आणि इतिहास एकाच तासात होऊन जाईल.

घराइतकीच महत्त्वाची होती दिवसाची मांडणी. मोहाची फुले पहाटे गळतात. ती वेचायला माणसे उजाडण्यापूर्वीच निघतात आणि ऊन चढण्याआधी टोपली भरून परततात. ज्वारीचे बिबडे आणि कुरडया घालणाऱ्या बाया रात्री तीनलाच चूल पेटवतात. चूल अंधारात आणि वाळवण उन्हात! ज्या उन्हाला आपण शिव्या देतो त्यावरच वर्षभराची बेगमी वाळते. आपल्या नंदुरबारची मिरचीसुद्धा पथारीवर उन्हातच वाळते आणि मग देशभर जाते.

आणि मग येते आखाजी. वैशाखातली ही अक्षय्य तृतीया खानदेशात दिवाळीच्या तोलाची. लेकी माहेरी येतात, लिंबाच्या झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. पितरांच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरून पुजतात. भर उन्हाळ्यात पितरांना द्यायचे काय, तर गार पाणी! तहानेची याहून मोठी जाण कोणत्या सणात असेल, मला ठाऊक नाही. घागरीचे पाणी गार का होते, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते घागरीतली ऊब घेऊन जाते. आपल्या अंगाचा घामही हेच करतो. एक लिटर घाम वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून निघून जाते. आपली हवा कोरडी, म्हणून घाम चटकन वाळतो. मात्र गेलेले पाणी आणि मीठ परत पोटात गेले पाहिजे. आंबील, मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे यांची योजना त्यासाठीच आहे.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे जुने ते सारे चांगलेच होते! नाही. इतिहासाच्या शिक्षकाने इथे थांबायला हवे. धाबे होते ते ज्याचे घर होते त्याला. सालदाराला काय होते? आखाजी हाच खानदेशात सालदाराचा नवा करार ठरण्याचा दिवस. मालकाच्या घरी घागर पुजली जाई, त्याच दिवशी गड्याचे पुढचे वर्ष बांधले जाई. आणि नांगरटीपासून काडीकचरा वेचण्यापर्यंत सारी उन्हातली कामे त्याच्या वाट्याला येत. पाण्याचेही तसेच. विहीर गावची असे, पण सगळ्या गावाला खुली नसे. ज्यांना अस्पृश्य मानले त्यांना भर उन्हात, कोणीतरी वरून ओतील म्हणून वाट पाहत उभे राहावे लागे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. तरी पाणी मिळेना, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने पंधराव्या कलमात विहिरी आणि तलाव यांचा नावानिशी उल्लेख केला, तो उगाच नव्हे. ऊन सर्वांवर सारखे पडत होते; सावली आणि पाणी मात्र सारखे वाटलेले नव्हते.

आजही तो हिशेब पुरता मिटलेला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका शेतात दुपारी एक सालदार चक्कर येऊन पडला. अंग तापलेले, बोलणे असंबद्ध. लोकांनी त्याच्या हातात कांदा दिला, खिशातही कांदा ठेवला, आणि गाडी येईपर्यंत वाट पाहत राहिले. शेजारीच पाण्याचा हौद होता. त्याच्या अंगावर पाणी ओतावे, हे कोणाला सुचले नाही, मलाही नाही. तो वाचला, पण पुन्हा पहिल्यासारखा कामाला उभा राहिला नाही. कांदा भाकरीबरोबर खावा, त्याबद्दल तक्रार नाही. पण उष्माघाताच्या माणसाला आधी सावली, मग अंगावर पाणी आणि वारा, आणि त्याच वेळी दवाखान्याची वाट. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नये. शुद्धीवर असलेल्या, नुसत्या घामाने गळून गेलेल्या माणसाला एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्यावे. चमचा चहाचा.

दुसरी गोष्ट घरांची. धाबी गेली, त्यांच्या जागी पत्रा आणि सिमेंटचा स्लॅब आला. धाब्याला दर वर्षी माती लागे, पावसात ते गळे. लोकांनी ते सोडले यात त्यांचा दोष नाही. पण पत्रा ऊन अडवत नाही, आणि स्लॅब दिवसभर प्यालेले ऊन रात्री खोलीत सोडतो. म्हणजे गरिबाच्या हातून रात्रसुद्धा गेली. मे २०१० मध्ये शेजारच्या अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेने एरवीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे जास्त मेली. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उन्हाळ्याचा आराखडा केला: आधी सूचना, दवाखान्यांची तयारी, पाणपोया, आणि पुढे गरीब वस्तीतल्या छपरांना पांढरा चुना. २०१६ साली नागपूरने तो मार्ग धरला. पांढरे छप्पर ऊन परतवते, ही काही परदेशी विद्या नव्हे. चुन्याची बादली आणि कुंचा तुमच्या गावातही मिळतो.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. गावातल्या जुन्या माणसांकडे मुलांना पाठवा आणि तीनच प्रश्न विचारायला सांगा: तुमच्या घरावरचे धाबे कधी उतरवले? तेव्हा उन्हाळ्यात कुठे झोपत होता? आणि पाणी कोणत्या विहिरीवरून, कोणाच्या हातून मिळत होते? उत्तरे वहीत उतरवून ठेवा. तुमच्या गावाचा असा इतिहास कोणत्याही ग्रंथालयात नाही, आणि सांगणारी माणसे फार दिवस राहणार नाहीत.

आणि येत्या आखाजीला घागर भराल तेव्हा आणखी एक भरा. ती घराबाहेर, सावलीत, वाटेवर ठेवा. शेतात सालदार असेल तर अकरानंतर त्याला कामावर उभे करू नका. राहिलेले काम संध्याकाळी होईल. पितरांच्या घागरीइतकेच पुण्य त्यात आहे, असे मी मानतो.