खरखरीचा इतिहास

रेडिओवर लिहायचं म्हटलं की सगळे कार्यक्रमांवर लिहितात. बिनाका गीतमाला, विविध भारती, क्रिकेटची कॉमेंटरी वगैरे. पण आमच्या वर्ध्यात आजोबांच्या पिढीने गाण्यांसोबत खरखरही भरपूर ऐकली. तिच्यावर सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून या शनिवारी खरखर.

आधी गावापासून सुरुवात करू. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ला सुरू झालं. वर्धा तिथून जेमतेम पाऊणशे किलोमीटर, त्यामुळे मीडियम वेव्हवर नागपूर चांगलं लागायचं. अडचण गाण्यांची होती. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. त्याच वर्षाच्या शेवटी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. लोकांनी बँड स्विच शॉर्टवेव्हवर फिरवला. ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती आली, तोवर कोलंबो ऐकायची सवय पक्की झाली होती.

आता वर्धा ते कोलंबो म्हणजे सुमारे दीड हजार किलोमीटर. एवढ्या लांबून लहर थेट येत नाही. ती वर आयनांबरावर आपटून खाली येते, आणि तेही एकाहून जास्त वाटांनी. या वाटा कधी एकमेकींना मदत करतात, कधी एकमेकींना खोडतात. म्हणून गाणं लाटेसारखं जवळ येतं, लांब जातं. गंमत म्हणजे सिग्नल कमी झाला की सेटमधला ऑटोमॅटिक गेन कंट्रोल अँप्लिफिकेशन वाढवतो, आणि सिग्नलबरोबर खरखरही वाढवतो. म्हणजे आशाताई लांब गेल्या की मागची खरखर पुढे यायची, त्यात बिचाऱ्या सेटचा काही दोष नव्हता! मे महिन्यात दुपारनंतर विदर्भात ढग जमले की त्यात कडकड मिसळायची. ती वीज. कित्येकदा मेघगर्जना कानावर पडण्याआधीच रेडिओला कळलेलं असायचं.

हीच कडकड अमेरिकेत एका इंजिनिअरच्या टेबलावर कामाचं तिकीट म्हणून आली होती. कार्ल जान्स्की, बेल लॅब्स. कंपनीला अटलांटिकपलीकडे शॉर्टवेव्हवर टेलिफोन चालवायचा होता आणि आवाजात डिस्टर्बन्स येत होता. जान्स्कीने होल्मडेलला फोर्ड गाडीच्या चाकांवर फिरणारा मोठा अँटेना बांधला आणि २०.५ मेगाहर्ट्झवर नोंदी घ्यायला सुरुवात केली. १९३२ मध्ये त्याने खरखरीचे तीन प्रकार सांगितले: जवळच्या विजा, लांबच्या विजा, आणि एक मंद, सतत चालणारी सुस्स. ही सुस्स रोज वाढायची आणि कमी व्हायची. पण वेळ दिवसाला चार मिनिटांनी अलीकडे सरकत होती: २४ तास नाही, २३ तास ५६ मिनिटं. सूर्याशी संबंध असता तर २४ तास आले असते. २३ तास ५६ मिनिटं हा ताऱ्यांचा दिवस. १९३३ मध्ये त्याने जाहीर केलं की ही खरखर आकाशगंगेतून येते आहे. रेडिओ खगोलशास्त्र असं एका ट्रबलशूटिंगमधून जन्माला आलं.

बाहेरून येणारी खरखर ही अशी. आतली वेगळी. १९२०च्या दशकात त्याच बेल लॅब्समध्ये जॉन्सनने मोजून आणि नायक्विस्टने गणिताने दाखवलं की कुठलाही रेझिस्टर नुसता गरम असल्यामुळेच सुस्स करतो. याला इलाज नाही, हा निसर्गाचा भाडेकरार आहे. पण "टप्प.. चुर्र.. टप्प" असा मधूनच येणारा आवाज वेगळा. त्याला पॉपकॉर्न नॉइज म्हणतात. १९६५च्या ७०९ या ऑप-अँपमध्ये त्याने इंजिनिअरांना चांगलंच छळलं. कारण असतं सेमीकंडक्टरच्या आतला दोष. आणखी एक चमत्कारिक नमुना दुसऱ्या महायुद्धातला: रेडिओच्या गँग कंडेन्सरच्या पत्र्यांवर कॅडमियमचा मुलामा असायचा, त्यातून आपोआप केसासारखे धातूचे तंतू उगवायचे आणि पत्रे शॉर्ट व्हायचे.

हे सगळं उकरून काढायचं कारण, आमच्या घरी एक सत्तरच्या दशकातला जपानी स्टिरिओ रिसीव्हर आहे. अर्धा तास चालला की डावीकडून टप्प-चुर्र. गावातल्या एका मेकॅनिककडे नेला तर तिथे आवाज यायलाच तयार नाही. (सॉफ्टवेअरवाल्यांना हे दुःख सांगायला नको. नॉट रिप्रोड्युसिबल, तिकीट क्लोज.) सल्ला मिळाला की सगळे कंडेन्सर बदलून टाका. पण सगळंच बदललं तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही, आणि पन्नास वर्षं जुन्या पट्ट्या सोल्डरच्या उष्णतेने उखडतात ते वेगळंच.

मग बायनरी सर्च. स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या: आवाज उजव्या स्पीकरमध्ये गेला. म्हणजे स्पीकर निर्दोष. व्हॉल्यूम शून्यावर: खरखर तेवढीच. म्हणजे ट्यूनर आणि व्हॉल्यूम कंट्रोल दोघेही सुटले, दोष त्यांच्या पुढे. मागचे प्री-आउट आणि मेन-इन जोडणारे जंपर काढले: तरी आवाज. आता उरला फक्त पॉवर अँप. आत गरम केल्यावर दोष दिसत होता, म्हणून एकेका ट्रान्झिस्टरवर फ्रीझिंग स्प्रेचा एक फवारा. इनपुटच्या जोडीतल्या एकावर फवारा पडताच खरखर बंद! त्याचे पाय काळे पडले होते. जोडी बदलली, बाकी काही नाही. (हे घरी करणाऱ्यांना सूचना: प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये चार्ज उरतो. आधी तो उतरवा.)

आता मोठा भाऊ बघा. पुण्याच्या उत्तरेला ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी दुर्बीण: ४५ मीटरच्या ३० डिश. ही जागा निवडण्यामागचं एक मोठं कारण म्हणजे तिथे माणसांनी केलेली खरखर कमी. तरी तिथले इंजिनिअर आजही विजेच्या तारांवरच्या ठिणग्या शोधत हिंडतात. त्यांचं काम जान्स्कीच्या उलट आहे: त्याला जो आवाज घालवायचा होता, तोच त्यांना ऐकायचा आहे.

मला काळजी वाटते ती एका गोष्टीची. आकाशवाणीने गेल्या काही वर्षांत मीडियम वेव्हचे कित्येक प्रक्षेपक बंद केले. हातातल्या फोनला खरखर नाही. तो चालतो किंवा चालत नाही. जुनी यंत्रं मरण्याआधी तक्रार करायची, आणि ती तक्रार ऐकून विजेची कुठली, ड्राय सोल्डरची कुठली हे कानाने ओळखणारे मेकॅनिक गावोगावी होते. ते ज्ञान पुस्तकात फारसं आलेलं नाही, आणि ती दुकानं आता मोबाईल कव्हर विकतात.

तेव्हा माळ्यावरचा रिसीव्हर भंगारात देण्याआधी एवढं करा: व्हॉल्यूम शून्यावर आणा आणि ऐका. आवाज गेला तर दोष मागे, राहिला तर पुढे. अर्धं काम तिथेच होतं.